कर्णाची गोष्ट, सहा जणांच्या तोंडून

‘सध्या काय वाचताय?’ असं विचारलं की मराठी गप्पांत ‘मृत्युंजय’ निघतेच. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ची.

तिची गंमत रचनेत आहे. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण ‘मी’ म्हणून बोलतात. तान्ह्या कर्णाला पेटीत घालून नदीत सोडणारी कुंती तिच्याच तोंडून ऐकली की तिच्यावरचा राग जरा निवळतो. भाषा मात्र अलंकारांनी जडावलेली. पुष्कळजण उपमांचे परिच्छेद सरळ गाळतात.

अनेकांच्या तोंडून गोष्ट सांगायची ही तऱ्हा वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ कादंबरीत (१९५९) आधीच होती. तिथे ययाति, देवयानी, शर्मिष्ठा बोलतात. देवयानीचा तोरा तर वाचावाच! मराठीला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार याच कादंबरीने मिळवून दिला.

जाडजूड पुस्तकांना बिचकणाऱ्यांनी आधी ‘ययाति’ घ्यावी. तुमच्या उशाशी सध्या कोणती आहे?