चावडीची बातमी आणि तळहातावरची बातमी

गावात बातमी येते तेव्हा तीन प्रश्न उभे राहतात. ती कोणी आणली? ती कोणाकोणाच्या देखत सांगितली गेली? आणि ती खोटी ठरल्यास जाब कोणाला विचारावयाचा? मराठवाड्यातील खेड्यांत या प्रश्नांची उत्तरे पूर्वी सर्वांना ठाऊक असत. दवंडी पिटणारा ओळखीचा असे, चावडीत वाचन करणारा तलाठी समोर बसलेला असे आणि वृत्तपत्राच्या अंकावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे छापलेली असत. समाजमाध्यमांच्या युगात बातमी थेट प्रत्येकाच्या तळहातावर येऊन पोहोचली आहे. मात्र तिच्याबरोबर या तीन प्रश्नांची उत्तरे येतातच असे नाही. धाराशिव जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे या बदलाचे स्वरूप समजून घेणे उद्बोधक ठरेल.

सामूहिक श्रवणाची परंपरा

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लक्ष ५७ हजार असून तीपैकी बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक संस्थानाबाहेरून सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तेव्हा ते नावे बदलून निघत राहिले. अशा काळात एक अंक अनेकांच्या हाती फिरे. एकाने वाचावे, दहांनी ऐकावे आणि मग त्यावर चर्चा व्हावी, ही वाचनाची सर्वसाधारण रीत होती.

स्वातंत्र्यानंतर नभोवाणीने हीच रीत पुढे नेली. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत दीडशे गावांमधून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, लगेच त्यावर बोलावे आणि आपल्या शंका आकाशवाणीकडे पाठवाव्यात, अशी त्याची योजना होती. नुसत्या ऐकण्यापेक्षा ऐकून चर्चा केल्याने ज्ञानात अधिक भर पडते, असे त्या प्रयोगाच्या मूल्यमापनात आढळून आले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा जो प्रयोग झाला, त्यात उमरग्याच्या सीमेला लागून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यातील खेड्यांचाही समावेश होता. तेथेही संच गावाचा आणि प्रेक्षक सारे गाव, अशीच व्यवस्था होती. पुढे १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली, तेव्हा ज्या घरी दूरदर्शन संच असे ते घर रविवारी सकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरून जाई.

या सर्व माध्यमांत एक समान गुण होता. सर्वांनी एकाच वेळी एकच गोष्ट ऐकली वा पाहिली, आणि ती ऐकत असताना शेजारी शंका विचारणारा कोणीतरी हजर होता.

१९९३ : बातमी बाहेर जाण्याची वाट

जुन्या व्यवस्थेचे बळ आणि तिची उणीव ही दोन्ही ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात प्रत्ययास आली. गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसराला हादरा बसला. सुमारे आठ हजार माणसे दगामातीच्या घरांखाली मृत्युमुखी पडली. गावोगावी दूरध्वनी मोजकेच होते. वार्ताहर प्रत्यक्ष गावात पोहोचल्याखेरीज त्या गावाची हकीकत बाहेर कळत नव्हती. एरवीही तालुक्याच्या वार्ताहराचे बातमीचे पाकीट एस. टी. च्या गाडीने किंवा टपालाने जात असे.

मात्र बातमी एकदा आकाशवाणी, दूरदर्शन व वृत्तपत्रे यांच्यापर्यंत पोहोचली की ती साऱ्या राज्याने एकाच वेळी ऐकली आणि वाचली. त्या सामूहिक जाणिवेतून मदतीचा ओघ सुरू झाला. उणीव अशी, की ढिगाऱ्याजवळ बसलेल्या माणसाला स्वतः काही सांगण्याचे साधन नव्हते. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी बोलावे लागत होते.

२०२५ : गावाचा स्वतःचा आवाज

ही उणीव समाजमाध्यमांनी पुष्कळ अंशी भरून काढली आहे. २०१६ च्या उत्तरार्धापासून भ्रमणध्वनीवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि व्हॉट्सॲप, फेसबुक व यूट्यूब ही माध्यमे खेड्यांतही रुळली. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने जिल्ह्याच्या भूम, परंडा आदी तालुक्यांत महापूर आला. पाण्याने वेढलेल्या वस्त्या आणि चाललेले बचावकार्य यांची चित्रे लोकांनी आपापल्या भ्रमणध्वनीवर टिपली व ती अल्पावधीत राज्यभर पाहिली गेली. बचावासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि हेलिकॉप्टर यांची मदत घ्यावी लागली. बत्तीस वर्षांपूर्वी जी हकीकत वार्ताहराच्या पावलांनी बाहेर जात होती, ती आता गावकऱ्याच्या हातातून जाऊ लागली आहे.

पत्रकारितेवरही याचा दुहेरी परिणाम झाला. तालुक्याच्या ठिकाणचे अनेक तरुण स्वतःची वृत्तवाहिनी यूट्यूबवर चालवितात. बाजारभाव, रस्त्याची दुरवस्था, पाणीटंचाई असे जिल्हा आवृत्तीत जागा न मिळणारे विषय त्यामुळे पुढे येतात. दुसरीकडे, बातमी आणणारा आणि ती प्रसिद्ध करणारा यांच्यामध्ये जो संपादक असे, तो अनेक ठिकाणी उरलेला नाही. वृत्तपत्राला संध्याकाळपर्यंत पडताळणीस अवधी मिळत असे. आता दुसऱ्याने बातमी आधी दिली तर आपण मागे पडू, या धास्तीने तो अवधी काही मिनिटांवर आला आहे.

सामूहिक अनुभवाचे रूपही पालटले आहे. २०२० मध्ये करोनामुळे तुळजापूरचे शारदीय नवरात्र भाविकांच्या गर्दीविना पार पडले. त्या वर्षी दूरदूरच्या भाविकांना घरच्या पडद्यावरील दर्शनावरच समाधान मानावे लागले. अंतर मिटले, हा मोठाच लाभ होय. परंतु एरवी पाहता एकाच घरातील चार माणसे चार पडद्यांवर चार वेगवेगळ्या बातम्या पाहतात, हीही वस्तुस्थिती आहे. ज्याला जे आवडते तेच त्याच्यापुढे अधिकाधिक यावे, अशी या माध्यमांची रचना असते, कारण माणूस पडद्यापाशी जितका अधिक वेळ थांबेल तितके जाहिरातीचे उत्पन्न वाढते.

अफवेची किंमत

विचारणारा शेजारी नसला की काय घडू शकते, याचे दारुण उदाहरण महाराष्ट्रानेच पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी मुले पळविणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारले. हे पाचही जण भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते आणि त्यांतील बहुतेक धाराशिवच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते. मुले पळविणाऱ्यांविषयीच्या अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरत होत्या. ही मारहाण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाली, ही बाब प्रत्येक पंचायत सदस्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जेथे बसून गावाने शहानिशा करावयाची, त्याच जागी अफवेचा निवाडा झाला.

अफवा खऱ्या बातमीहून वेगाने का धावते, याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लक्ष २६ हजार वार्ता तपासल्या. खोटी वार्ता पुढे पाठविली जाण्याची शक्यता खऱ्या वार्तेपेक्षा ७० टक्के अधिक असल्याचे त्यांना २०१८ मध्ये दिसून आले. याला यंत्रांपेक्षा माणसेच अधिक कारणीभूत होती. नवलाई, भय आणि किळस निर्माण करणारा मजकूर माणूस चटकन दुसऱ्याला पाठवितो. शिवाय समाजमाध्यमावर तो मजकूर बहुधा काका, मित्र किंवा शिक्षक यांच्याकडून आलेला असतो. विश्वास त्या माणसावर असतो, पण मजकूर त्याचा नसतो.

२०१८ च्या घटनांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. पुढे आलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. पुनःपुन्हा पुढे पाठविलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण असते आणि एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. ही खूण दिसताच, ‘पाठविणाऱ्याने हे स्वतः पाहिलेले नाही’ असे समजून चालावे.

कायद्याची चौकट

माणसांना ठेचून मारण्याच्या घटना रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ अन्वये लोकांत भीती वा वैमनस्य पसरविणारी खोटी विधाने दंडनीय आहेत. आपत्तीविषयी खोटी धोक्याची सूचना पसरविणाऱ्यास आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ नुसार एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. इंटरनेटवरील वृत्तप्रकाशकांनी तक्रार निवारण अधिकारी नेमावा आणि तक्रारीचा पंधरा दिवसांत निर्णय करावा, अशी तरतूद २०२१ च्या नियमांत करण्यात आली. परंतु कायदा बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर पोहोचतो. अफवा पसरण्याआधी तेथे गाव असते.

गावाने करावयाचे काम

समाजमाध्यमे नाकारणे शक्य नाही आणि इष्टही नाही. पुरात अडकलेल्या माणसाचा तोच आधार असतो. चावडीवर बातमीला जे नाव आणि जो जाब होता, तो तळहातावरील बातमीलाही मिळवून देणे, हे आजचे खरे काम आहे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही.

ग्रामपंचायतीचा एकच अधिकृत गट असावा. त्यावर सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनीच सूचना टाकाव्यात आणि प्रत्येक सूचनेखाली नाव, दिनांक व वेळ लिहावी. तीच सूचना फलकावर लावावी आणि दवंडीनेही द्यावी, कारण भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या हाती नसतो. धरणातून पाणी सोडल्याची, परक्या माणसांच्या टोळीची किंवा जातीय तणावाची वार्ता आली, तर ती पुढे पाठविण्यापूर्वी तलाठी, पोलीस पाटील किंवा पोलीस ठाणे यांच्याकडे विचारणा करावी. वार्ता खोटी निघाल्यास खुलासा त्याच गटावर, तितक्याच तत्परतेने द्यावा. ग्रामसभेत एखादा विषय याही गोष्टीसाठी राखून ठेवावा.

शिक्षकांचा वाटा त्याहून मोठा आहे. ६ जानेवारी हा बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’चा १८३२ मधील पहिल्या अंकाचा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी केवळ भाषणे न करता एकच घटना दोन वृत्तपत्रांतून व एका संदेशातून वर्गात वाचून दाखवावी. ही बातमी कोणी दिली, केव्हा दिली, त्याने स्वतः पाहिली काय, छायाचित्र याच प्रसंगाचे आहे काय, असे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारू द्यावेत. महाराष्ट्रात १९६७ च्या अधिनियमाने सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. गावच्या ग्रंथालयात आठवड्यातून एकदा सामूहिक वृत्तवाचन झाले, तर एकत्र ऐकण्याची आणि ऐकता ऐकता शंका विचारण्याची सवय टिकून राहील.

राईनपाड्यात त्या दिवशी गावाच्या हातात संदेश होते. ‘हे कोणी पाहिले?’ एवढे विचारून जमावाला थांबविणारा आवाज मात्र पुरेसा उठला नाही. तो आवाज आपल्या गावात वेळेवर उठेल अशी व्यवस्था करणे प्रत्येक अधिकाऱ्याच्या, शिक्षकाच्या आणि पंचायत सदस्याच्या हाती आहे.