व्हिडिओ कॉलवरचा श्वासोपचार : जबाबदारी कुणाची?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या काकांना सीओपीडी आहे. तीस-पस्तीस वर्षं विडी ओढल्याचं हे फळ. रात्री दोन लिटरवर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालतो. बेंगळुरूला नोकरी करणारी एक रेस्पिरेटरी थेरपिस्ट महिन्यातून एकदा त्यांना व्हिडिओ कॉलवर तपासते. मुलगी मूळ बेळगावची, त्यामुळे बोलणं मराठीतच. त्या दिवशी मी तिथेच होतो. तिचा पहिला प्रश्न होता, "काका, तुम्ही आत्ता नक्की कुठल्या घरी आहात? वाडा, जवळची खूण, सगळं सांगा."

आम्हाला हसू आलं. बेंगळुरूत बसून हिला वाड्याची खूण कशाला हवी? नंतर समजलं. कॉल चालू असताना काकांना धाप लागली, तर तिने तिथून १०८ लावून उपयोग नाही; फोन तिथल्याच केंद्रात लागणार. म्हणून ती पत्ता विचारते आणि शेजारच्या एकाचा फोन नंबरही आधीच लिहून घेते. तो नंबर माझा होता.

रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणजे श्वसनोपचारतज्ज्ञ. व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, इनहेलर, सीपॅप यांचं शास्त्र शिकलेला माणूस. आपल्या जवळ मणिपालला याचा पदवी अभ्यासक्रम आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात हा व्यवसाय १९९१च्या कायद्याखाली येतो आणि तिथली नियामक संस्था स्वतःला 'कॉलेज' म्हणवते, पण तिथे वर्ग भरत नाहीत! नोंदणी देणं आणि चुकलं तर जाब विचारणं, हे तिचं काम. तिथलं मूळ सूत्र सोपं आहे : मध्ये पडदा आला म्हणून कामाचा दर्जा उतरत नाही. समोरासमोर जी जबाबदारी, तीच फोनवर.

आपल्याकडे २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. थेरपिस्ट, नर्स वगैरे मंडळींचा उल्लेख त्यांत डॉक्टरांना जोडून देणारे आरोग्यसेवक म्हणून येतो. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा झाला, त्याच्या यादीत श्वसन तंत्रज्ञही आहेत. मतलब असा की थेरपिस्टने आपली हद्द ओळखून वागायचं. ऑक्सिजन किती लिटर, हे डॉक्टर ठरवतो. तो नीट पोचतोय का, हे थेरपिस्ट पाहते.

ही हद्द का महत्त्वाची? बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे. आकडा ९० दिसला की घरचे घाबरून ऑक्सिजन दोनाचा पाच करतात. पण सीओपीडीच्या अनेक रुग्णांना डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच लक्ष्य देतात; जास्त ऑक्सिजनने काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. शिवाय आकडाही फसवतो. बोट गार असेल, नखाला रंग असेल तर चुकतो. २०२० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की काळ्या त्वचेच्या रुग्णांत हे यंत्र खरा कमी ऑक्सिजन जास्त वेळा चुकवतं. म्हणून नुसता आकडा ऐकून सल्ला देणं ही बेजबाबदारी. माणूस बघायला हवा.

कॅमेऱ्यातून बघता येतं ते मात्र पुष्कळ आहे. आमच्या थेरपिस्टने काकांना इनहेलर घेऊन दाखवायला सांगितलं. "कळलं का?" असं विचारलं असतं तर काका "हो" म्हणाले असते. करून दाखवल्यावर समजलं, ते औषध तोंडात मारून लगेच श्वास सोडत होते! मग हळू ओढायचं, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, हे तिने तीनदा करून घेतलं. नंतर फोन खोलीभर फिरवायला लावला. देवाजवळची समई मशीनपासून चार पावलांवर जळत होती. समई असो की क्रुसासमोरची मेणबत्ती, ऑक्सिजनपासून दहा फूट तरी लांब हवी.

गुप्ततेचंही तसंच. खोलीत कोण कोण आहे, हे तिने विचारलं, आणि मी थांबलो तर चालेल का, हे काकांनाच विचारलं. रेकॉर्डिंग परवानगीशिवाय नाही. कॉल झाल्यावर तारीख, वेळ, काय पाहिलं, काय पाहता आलं नाही, हे सगळं ती लिहून ठेवते.

त्या दिवशी सूनबाईच सगळी उत्तरं देत होत्या. "बरे आहेत, जेवतात." थेरपिस्ट म्हणाली, "वहिनी, मला काकांच्याच तोंडून ऐकायचंय." काका बोलू लागले, पण तीन शब्दांमागे थांबत होते. आकडा ९१. पुस्तकाप्रमाणे ठीकच. पण तिने सांगितलं, "आज हे फोनवर होणारं काम नाही. छातीला स्टेथोस्कोप लागला पाहिजे. आत्ताच दवाखान्यात न्या. डॉक्टरांना मी कळवते."

काका चिडले. "पैसे घेऊन दवाखान्यात जा म्हणायचं, तर ही कशाला?" तरी आम्ही नेलं. छातीत जंतुसंसर्ग निघाला, चार दिवस दाखल राहावं लागलं.

मला वाटतं, दुरून उपचार करणाऱ्याची सगळ्यात मोठी जबाबदारी हीच आहे : 'हे इथून जमणार नाही' असं वेळेवर सांगणं. त्यात कमीपणा नाही. आपलंही थोडं काम आहेच. कॉलच्या वेळी उजेडात बसायचं, औषधं आणि इनहेलर हाताशी ठेवायचे आणि आजारी माणसाला स्वतः बोलू द्यायचं.

काका अजून कुरकुरतात. पण महिन्याच्या त्या दिवशी सकाळीच आंघोळ करून फोनसमोर बसलेले असतात. समई आता दुसऱ्या खोलीत आहे.