बेचाळीस अळणी वर्षं

लिकोव्ह कुटुंबाच्या आठवणीत १९६१ हे भुकेचं साल होतं. सायबेरियाच्या पश्चिम सायान पर्वतात, त्यांच्या डोंगरउतारावरच्या शेतावर ऐन जूनमध्ये बर्फ पडलं आणि उभं पीक करपून गेलं. माणसं चामड्याचे जोडे, झाडाच्या साली खाऊ लागली. मुलांच्या तोंडी घास जावा म्हणून आई आकुलिना स्वतः उपाशी राहिली आणि त्यातच गेली. राय नावाचं जे धान्य ते पेरत, त्याचं बियाणं संपलं होतं. पुढे वाटाण्याच्या वाफ्यात रायचं एकच रोप उगवलं. घरच्यांनी त्याच्याभोवती कुंपण घातलं आणि उंदीर-खारींपासून रात्रंदिवस राखण केली. त्या एका कणसातून १८ दाणे मिळाले. घरातली रायची शेती या १८ दाण्यांपासून पुन्हा उभी राहिली.

माणसांपासून दूर, रानात एकट्यानं राहावं, हे स्वप्न शहरात राहणाऱ्या पुष्कळांना पडतं. मलाही पडलं आहे. त्या स्वप्नात झरा असतो, झोपडी असते, निवांतपणा असतो. बियाण्याची काळजी नसते. म्हणून लिकोव्हांची गोष्ट मला त्या १८ दाण्यांपासून सांगावीशी वाटते.

या गोष्टीचं मूळ सतराव्या शतकात आहे. १६५३ पासून मॉस्कोचा धर्मप्रमुख निकोन यानं रशियन चर्चच्या पूजाविधींत बदल सुरू केले. क्रुसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, असे ते बदल होते; आपल्याला क्षुल्लक वाटतील, पण ज्यांच्यासाठी प्रार्थनेतला प्रत्येक शब्द, प्रत्येक हालचाल पवित्र होती, त्यांना तो धर्मद्रोह वाटला. १६६६-६७ च्या धर्मसभेनं या जुन्या विधीवाल्यांना शापित ठरवलं. छळ सुरू झाला. पीटर बादशहानं तर या लोकांना पवित्र असलेल्या दाढीवरही कर बसवला. हे जुने श्रद्धाळू पिढ्यान् पिढ्या पूर्वेकडे, तैगाच्या अरण्यात सरकत राहिले. रशियन क्रांतीनंतर ईश्वर न मानणारी राजवट आली आणि आडरानातल्या वस्त्याही सुरक्षित राहिल्या नाहीत. १९३६ साली गावाच्या वेशीवर सरकारी गस्तीच्या गोळीनं याच पंथातल्या कार्प लिकोव्हचा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत पडला. कार्पनं बायको आकुलिना, नऊ वर्षांचा साविन आणि दोन वर्षांची नताल्या यांना घेतलं आणि रान गाठलं. सोबत थोडं बियाणं, चरखा, मागाचे सुटे भाग, किटल्या आणि धर्मग्रंथ होते. हटत हटत ते अबाकान नदीच्या वरच्या खोऱ्यात पोहोचले. सर्वांत जवळची वस्ती तिथून सुमारे २५० किलोमीटर. द्मित्री आणि अगाफ्या ही धाकटी दोन मुलं रानातच जन्मली.

वाचायला हे साहस वाटतं, पण रोजचं जगणं म्हणजे न संपणारं कष्टाचं काम होतं. कपडे फाटले की भांगेच्या झाडाचा वाख काढायचा, कातायचा, विणायचा. जोडे भूर्जाच्या सालीचे. किटल्या गंजून गेल्या, मग भांडीही सालीची झाली; ती चुलीवर ठेवता येत नसल्यानं रांधणं अवघड होऊन बसलं. बटाटा, त्यात रायचं पीठ आणि भांगेचं बी कुटून थापलेली पोळी, हे मुख्य अन्न. बंदूक नव्हती, धनुष्यही नव्हतं. द्मित्री मोठा झाला तेव्हा कुठे मांस मिळू लागलं; तो खड्डे खणून जनावरं धरी, नाहीतर जनावर दमून पडेपर्यंत डोंगरातून त्याच्या मागे पळत राही. थंडीतही अनवाणी.

आणि मीठ नव्हतं. या साऱ्या हालांत कार्पला सर्वांत मोठी यातना कोणती वाटली, तर मीठ नसण्याची.

मात्र हे लोक समाज सोडून गेले असं म्हणणं मला पटत नाही. त्यांनी समाज पाठीवर बांधून नेला होता. जुन्या ख्रिस्ती कालगणनेप्रमाणे घरात तिथी-वार मोजले जात, उपास पाळले जात. आईनं मुलांना धर्मग्रंथांवरून वाचायला शिकवलं. टोकदार काडी रानफळाच्या रसात बुडवून मुलं लिहायला शिकली. तीनशे वर्षांपूर्वीच्या निकोनबद्दल कार्प कालच भांडण झालेल्या शेजाऱ्यासारखा रागानं बोले. दुसरं महायुद्ध होऊन गेलं हे या घराला ठाऊक नव्हतं. १९७१ साली मॉस्कोच्या चर्चनं जुन्या विधींवरचे शाप अधिकृतपणे मागे घेतले, तेव्हाही ही माणसं त्या शापाची शिक्षा भोगतच होती. या गोष्टीतली मला सर्वांत जास्त छळणारी तारीख हीच आहे.

१९७८ च्या उन्हाळ्यात भूगर्भशास्त्रज्ञांसाठी उतरण्याची जागा शोधणाऱ्या हेलिकॉप्टरच्या चालकाला डोंगरावर नांगरटीच्या रेघा दिसल्या. गालिना पिस्मेन्स्काया यांच्या नेतृत्वाखाली चार भूगर्भशास्त्रज्ञ तिथे पोहोचले. १९८२ पासून वासिली पेस्कोव्ह या पत्रकारानं ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’मध्ये या कुटुंबाबद्दल लिहिलं आणि सगळा देश त्यांना ओळखू लागला. पाहुण्यांनी आणलेल्या भेटींपैकी लिकोव्हांनी सुरुवातीला फक्त मीठ घेतलं. पुढे चाकू, धान्य, कागद, विजेरीही घरात आली. सेलोफेनचा पारदर्शक कागद पाहून कार्प थक्क झाला. काच आहे आणि चुरगळते! १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून काही तारे आकाशात भराभर पळताना त्यानं पाहिले होते आणि माणसांनीच ते वर सोडले असावेत असा अंदाजही बांधला होता. शास्त्रज्ञांच्या तळावर दूरचित्रवाणी संच होता. कार्प त्याच्यासमोर ठाण मांडून बसे. अगाफ्या दाराआडून डोकावे आणि पाहून झालं की पापक्षालनासाठी प्रार्थना करी. द्मित्रीचा जीव मात्र लाकूड कापणाऱ्या यंत्रावर जडला. हातानं जे काम करायला त्याला दिवस लागत, ते यंत्राची गोल करवत क्षणात करी.

१९८१ च्या अखेरीस एकापाठोपाठ द्मित्री, साविन आणि नताल्या गेले. बाहेरच्यांच्या संसर्गानं असं झालं, असं काहींचं म्हणणं होतं. पण साविन आणि नताल्या यांची मूत्रपिंडं वर्षानुवर्षांच्या खडतर आहारानं निकामी झाल्याचं सांगितलं जातं. द्मित्रीला न्यूमोनिया झाला होता. त्याला हेलिकॉप्टरनं रुग्णालयात नेण्याची तयारी शास्त्रज्ञांनी दाखवली. आम्हाला ते वर्ज्य आहे, असं म्हणत त्यानं नकार दिला.

इथे माझं मन कार्पच्या बाजूनं राहत नाही. भावाचा खून पाहिलेल्या माणसानं पळून जाणं मी समजू शकते. पण नऊ आणि दोन वर्षांच्या मुलांनी काही निवडलं नव्हतं, रानात जन्मलेल्यांनी तर नाहीच. कोणत्याही गावात कारागीर म्हणून नाव काढलं असतं असा द्मित्री, औषध हाकेच्या अंतरावर असताना गेला. बापाची भीती मुलांच्या वाट्याला धर्म होऊन आली, हे मला या कहाणीतलं खरं दुःख वाटतं.

अगाफ्याचं वेगळं आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत कार्प गेला, तेव्हा तिला जगाची ओळख झालेली होती. सोव्हिएत सरकारनं तिला महिनाभर देश दाखवला होता. विमान, घोडे, पैसा, सारं तिनं पाहिलं होतं. दूरच्या नातलगांनी राहायला बोलावलं होतं. नंतर काही काळ ती मठातही राहिली. तरी परत आली; बाहेरची हवा आणि पाणी सोसत नाही म्हणाली. म्हणजे या घरात रान डोळसपणे निवडणारी ती एकटीच.

ती पूर्ण एकटी राहिली असंही नाही. १९९७ साली येरोफेई सेदोव्ह हा निवृत्त, एक पाय गमावलेला भूगर्भशास्त्रज्ञ तिच्या खोपटाच्या खालच्या उतारावर येऊन राहिला. सरपण-पाणी तीच त्याला पोहोचवी. २०१५ साली तो वारला. त्याआधीच, २०१४ मध्ये, तिनं पत्र लिहून मदतनीस मागितला होता. लाकडं फोडणं, शेळ्यांसाठी गवत कापणं आता झेपत नाही म्हणून. तेव्हापासून कधी जुन्या पंथाचे लोक, कधी विद्यार्थी येऊन हातभार लावतात. २०१६ च्या जानेवारीत पाय दुखू लागले तेव्हा तिनं उपग्रह फोनवरून मदत बोलावली आणि ताश्तागोलच्या रुग्णालयात गेली. भावानं नाकारलेलं हेलिकॉप्टर तिनं नाकारलं नाही. बरं वाटल्यावर घरी परतली. २०२१ साली तिच्यासाठी नवं लाकडी घर बांधून झालं. त्याचे ओंडके बाहेरून आणावे लागले, आणि खर्च केला तो रशियातल्या एका बड्या उद्योगपतीनं.

हे पाहून काही जण म्हणतात, मग कसला एकांतवास? मला मात्र यात तिचा शहाणपणा दिसतो. बापाचा सगळा आटापिटा कुणाचंही काही न घेण्यासाठी होता आणि त्याची किंमत घरानं मोजली. अगाफ्या मीठ घेते, औषध घेते, डॉक्टर बोलावते. सरपणाला माणूस मागते आणि बदल्यात त्या माणसाशी दोन बोटांच्या क्रुसावरून तावातावानं वाद घालते. कुठे राहायचं, एवढी एकच गोष्ट ती इतर कुणाला ठरवू देत नाही.