बटण साहेबांचं, राबणं दुसऱ्याचं

साल १९७२, चिलीची राजधानी सँटियागो. षटकोनी खोलीत गोलाकार मांडलेल्या फायबरग्लासच्या सात फिरत्या खुर्च्या, भिंतींवर पडदे. खुर्चीच्या हातावर मोठाली बटणं. दाबलं की समोर कारखान्यांच्या उत्पादनाचा आलेख हजर! बटणांशेजारीच सिगारेटची राख झाडायचीही सोय. राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारने ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांना बोलावून उभारलेला हा ‘सायबरसिन’ प्रकल्प. देशातले सरकारी कारखाने एका खोलीत बसून बघायचे, असा बेत. आज ज्याला आपण इंटरॅक्टिव्ह डॅशबोर्ड म्हणतो, त्याचा हा ऐटबाज पणजोबा.

पण ते आलेख संगणकाने काढलेले नव्हतेच. आकडे टेलेक्सवरून यायचे, मेनफ्रेम त्यांचा हिशेब करायचा, आणि मग चार तरुण ग्राफिक डिझायनर मुली हाताने आलेख काढायच्या. त्यांच्या स्लाइड व्हायच्या आणि पडद्यामागचे प्रोजेक्टर त्या दाखवायचे. खुर्चीला कळफलक मात्र मुद्दाम दिलेला नव्हता. का? तर तो दिला की साहेब आणि यंत्र यांच्यामध्ये टायपिस्ट मुलगी येऊन बसणार, हा बीअर यांचा हिशेब. मुलगी मध्ये नको म्हणून कळफलक काढला, आणि मागे आलेख काढायला मुलीच!

आयेंदे खोली बघायला आले तेव्हा उकाड्याने यंत्रणा बिघडली होती. त्यांनी बटण दाबलं एक, स्लाइड आली भलतीच. डेमोच्या दिवशीच गंडायची परंपरा इतकी जुनी आहे. सप्टेंबर १९७३च्या लष्करी उठावानंतर खोलीच मोडून टाकली गेली.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी आणि सहकारी खराखुरा संवादी पडदा चालवत होते. ‘प्रिम-९’ त्याचं नाव. नऊ मोजमापांपर्यंतची माहिती ठिपक्यांच्या रूपात पडद्यावर फिरवायची, नको ते ठिपके झाकायचे, हवे ते वेगळे काढायचे. आज दोन क्लिकमध्ये होणारं ‘फिल्टर’ तेव्हा एक अख्खा मेनफ्रेम खात असे. संगणकवाल्यांच्या तोंडी बसलेला ‘बिट’ हा शब्दही याच टुकींचा.

शेअर बाजाराच्या पानावर लाल-हिरव्या लहानमोठ्या चौकोनांची गोधडी पाहिली असेल. ट्रीमॅप! तिचा जन्म मात्र ऑफिसातल्या कटकटीतून झाला. १९९०च्या सुमारास मेरीलँड विद्यापीठातल्या बेन श्नाइडरमन यांच्या प्रयोगशाळेत चौदा जणांत मिळून एक हार्ड डिस्क, तीही ८० एमबीची, आणि ती सतत भरलेली. जागा नेमकी कोण अडवतंय हे एका नजरेत दिसावं म्हणून चौकोनात चौकोन बसवायची शक्कल निघाली. आज मोबाइलवरच्या वीसेक फोटोंत ८० एमबी संपतात.

याच श्नाइडरमन यांच्या चमूने १९९२मध्ये वॉशिंग्टन परिसरातली घरं नकाशावर ठिपक्यांनी दाखवली. किंमत, खोल्या, अंतर यांच्या पट्ट्या सरकवायच्या की ठिपके तिथल्या तिथे कमीजास्त. पुण्यात टू बीएचके शोधताना बजेटची पट्टी मागेपुढे करणाऱ्यांनी, आणि ती शेवटी पुढेच नेणाऱ्यांनी, हे लक्षात ठेवावं.

पट्टी सरकवल्यावर साधारण दशांश सेकंदात चित्र बदललं, तरच ते ‘लगेच’ झाल्यासारखं वाटतं. म्हणून स्ट्रीमलिटची गंमत कळायला हवी. पायथॉनवाल्यांच्या या लाडक्या साधनात तुम्ही पट्टी जरा हलवली की सगळा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा धावतो. आकडे साठवून ठेवायची तजवीज केली नसेल, तर प्रत्येक हालचालीला सगळी फाइल नव्याने वाचली जाते आणि कोपऱ्यात ‘रनिंग’ फिरत बसतं.

डॅशबोर्ड बनवायच्या ‘टॅब्लो’ या सॉफ्टवेअरचा वंश तर थेट सिनेमातला. टॅब्लो कंपनीच्या संस्थापकांपैकी पॅट हॅनरहन हे पिक्सार या अॅनिमेशन स्टुडिओच्या सुरुवातीच्या मंडळींतले. ‘टॉय स्टोरी’ ज्या रेंडरमॅन सॉफ्टवेअरवर रंगली, त्यामागचा मोठा मेंदू त्यांचा. २०१९चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना एड कॅटमल यांच्यासोबत मिळाला.

काळ्या नकाशावरचे लाल गोळे आठवतात? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कोविड डॅशबोर्ड २२ जानेवारी २०२० रोजी लॉरेन गार्डनर आणि त्यांचा विद्यार्थी एन्शेंग डोंग यांनी सुरू केला. पहिले काही दिवस आकडे चक्क हाताने भरले जात, सकाळी एकदा, रात्री एकदा. जग ज्या गोळ्यांकडे श्वास रोखून बघत होतं, ते टाइप करणारे हात मोजकेच होते. १० मार्च २०२३ला तो थांबला.

आपल्याकडे ‘कोविड१९इंडिया’ हा डॅशबोर्ड स्वयंसेवकांनी चालवला. राज्यांची रोजची पत्रकं कधी पीडीएफ, कधी नुसता फोटो. त्यातून जिल्हावार आकडे वेचायचे, बेरीज जुळवायची, नाही जुळली तर पुन्हा पहिल्यापासून. ना पगार, ना सुट्टी. ३१ ऑक्टोबर २०२१ला काम थांबवेपर्यंत अनेक पत्रकार आणि संशोधक याच आकड्यांवर विसंबून होते. माझ्या मते भारतातला सगळ्यात मोठ्या मनाचा डॅशबोर्ड हाच.

सरासरीवर विश्वास टाकणाऱ्यांसाठी एक डायनासोर. आलेखतज्ज्ञ आल्बेर्तो कैरो यांनी ठिपक्यांतून त्याचं चित्र काढलं. २०१७मध्ये दोन संशोधकांनी आणखी बारा ठिपकेचित्रं बनवली, त्यांत चांदणी आली, वर्तुळ आलं, फुलीही आली. तेराही चित्रांची सरासरी आणि विचलन दोन दशांश स्थळांपर्यंत सारखं! डॅशबोर्डच्या वरच्या पट्टीत नुसते सरासरीचे ठळक आकडे टाकून मोकळं होणाऱ्यांनी हे एकदा बघावंच.

आणि डॅशबोर्डवरचे ते गोल मीटर! गाडीच्या स्पीडोमीटरसारखे, काटा हलणारे. साहेबांना भारी आवडतात, पण एक आकडा सांगायला वीतभर जागा खातात. डॅशबोर्डच्या रचनेवर लिहिणारे स्टीफन फ्यू यांनी त्यांना पर्याय म्हणून ‘बुलेट ग्राफ’ आखला. एक आडवी पट्टी, उद्दिष्टाची एक उभी रेघ, संपलं. तरी मीटरची मागणी काही हटत नाही.

एवढं सगळं करून रोज सकाळी घडतं काय? कुणीतरी डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतं. फिल्टर राहिलेलं असतं नागपूरवर, आणि ‘महाराष्ट्राची विक्री एवढी कशी पडली?’ म्हणून फोन सुरू होतात. मुरलेले लोक म्हणूनच लावलेलं फिल्टर आलेखाच्या शीर्षकातच दिसेल असं करतात: ‘विक्री, फक्त नागपूर’. आणि शेजारी एक्सेल डाउनलोडचं बटण ठेवतात, कारण त्याची मागणी पहिल्याच मीटिंगला येते.