धूळफेक

मराठी शिकवणाऱ्याला धुळीचे वाक्प्रचार तोंडपाठ असतात. शत्रूला धूळ चारावी, मनोरथ धुळीस मिळावेत, डोळ्यांत धूळ फेकावी! पण धूळ छातीतही भरते, हे आमच्या भाषेने अजून मनावर घेतलेले नाही.

आमच्या कुडाळच्या मुलखाला धुळीचे सारे रंग ठाऊक आहेत. रेडीच्या लोहखाणींची तांबडी, कासार्ड्याच्या सिलिका वाळूची पांढरी, काळ्या दगडाच्या खडीची करडी. कपड्यांवर बसते तिच्यावर आपण चिडतो. भ्यायला हवे ते न दिसणाऱ्या धुळीला. मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही बारीक असा गारेचा कण फुप्फुसाच्या तळाशी पोचतो आणि तिथे वण धरतो. हाच सिलिकोसिस. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो सक्तीने कळवायच्या रोगांत घातला होता. तो बरा करणारे औषध नाही. तोंडाला बांधलेला पंचा हा कण अडवीत नाही.

म्हणून धूळ जन्मते तिथेच तिला गाठावे. सुरुंगाचे भोक पाडताना आत पाणी सोडावे, क्रशरच्या जबड्यावर तुषार धरावेत, खडीच्या पट्ट्यावर आच्छादन घालावे. थेंब मात्र बारीक हवेत. मोठ्या थेंबाला बगल देऊन बारीक कण निसटतो.

टँकरने रस्ता भिजवणे चांगलेच. पण क्रशर कोरडा चालवायचा आणि फाटकाबाहेरचा रस्ता तेवढा ओला ठेवायचा, याला, वाचकहो, मराठीत जुना शब्द आहे. तो मी मथळ्यात दिलाच आहे.