कालच्या शत्रूला विमाने

परभणी जिल्हा निजामाच्या अमलाखाली असताना येथील काळ्या जमिनीचा शेतसारा हैदराबादच्या खजिन्यात जमा होत असे, आणि त्याच संस्थानाचे नाव धारण करणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ व्या स्क्वाड्रनची स्पिटफायर विमाने, बोधचिन्हात निजामाचे शिरोभूषण मिरवीत, १९४३ साली सिसिली व दक्षिण इटलीच्या आकाशात लढत होती. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला इटलीचा दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी जाहीर झाला आणि १३ ऑक्टोबरला तिने जर्मनीविरुद्धच युद्ध पुकारले.

इटालियन वैमानिक कसलेले होते. परंतु विमाने जीर्ण झालेली आणि सुटे भाग पुरविणारे उत्तरेकडील कारखाने जर्मनांच्या कबजात. म्हणून १९४४ च्या मध्यास दोस्तांनी ऐराकोब्रा, बाल्टिमोर व स्पिटफायर विमाने त्यांच्या हवाली केली. ऐराकोब्राचे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असे आणि आत शिरण्यास मोटारीसारखा दरवाजा. या अपरिचित यंत्राच्या सरावातच तेरेसिओ मार्तिनोली हा अव्वल वैमानिक ऑगस्ट १९४४ मध्ये मृत्यू पावला.

देशबांधवांवरच गोळी झाडण्याचा प्रसंग येऊ नये म्हणून इटालियन वैमानिकांच्या तुकड्यांना मुख्यत्वे बाल्कन प्रदेशावरील कामगिरी सोपविण्यात आली. ही दूरदृष्टी, माझ्या मते, शस्त्रदानाहूनही थोर होय.