बुरशी लागलेली पेंड आणि घरातले दूध

पावसात भिजलेला मका, गाठी झालेली सरकी पेंड, कुबट वास येणारा कडबा. घरात खाण्यासारखे राहिले नाही की आपण सहज म्हणतो, "टाकू नका, गुरांना घाला." त्या गाईचे दूध घरातच प्यायले जात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

साधारण ४०० किलो वजनाच्या गाईला रोज १५ ते २० किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो सुका चारा लागतो. दुधाच्या प्रमाणात वरून आंबोण द्यावे लागते: सरकी किंवा शेंगदाण्याची पेंड, मक्याचा भरडा, तूर चुनी, गव्हाचा भुसा. चाऱ्यालाही बुरशी लागते, पण आपला विषय मुख्यतः या आंबोणाचा आहे. दाणे आणि पेंड ओलसर, उबदार जागी राहिली की त्यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. धुऊन, भाजून किंवा उन्हात घालून बुरशी दिसेनाशी होईल, पण विष बऱ्याच अंशी राहते.

गाईने ते खाल्ले की तिच्या यकृतात त्याचे रूप थोडे बदलते आणि त्यातला काही भाग दुधात उतरतो. खाल्लेल्या विषाच्या साधारण १ ते २ टक्के, भरपूर दूध देणाऱ्या गाईंमध्ये ६ टक्क्यांपर्यंत. एका दिवसातच ते दुधात दिसू लागते. गाय मात्र बऱ्याचदा अगदी ठणठणीत दिसते, म्हणून संशयही येत नाही.

"डॉक्टर, आम्ही दूध चांगले उकळतो," असे रुग्ण सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, हे विष जात नाही. पाश्चरीकरणानेही नाही. ते दुधातल्या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे पनीर आणि खव्यात त्याचे प्रमाण वाढते. तुपात फारसे उतरत नाही.

आपल्याकडे एक किलो दुधात याची कमाल मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुने या मर्यादेपलीकडे निघाले. हे वाचून दूध बंद करू नका. असे दूध एकदोनदा पोटात गेल्याने कोणी आजारी पडत नाही. काळजी आहे ती वर्षानुवर्षे थोडे थोडे जाण्याची, कारण अफलाटॉक्सिनमुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. ज्यांना हिपॅटायटिस बीची लागण आहे त्यांच्यात हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून घरातल्या बाळाची हिपॅटायटिस बीची लस चुकवू नका. लहान मुलांचा मुख्य आहारच दूध, त्यांच्यासाठी जनावराच्या खाद्याकडे जास्त लक्ष हवे.

बुरशीचे धान्य माणसांनी थेट खाल्ले तर प्रकार वेगळा आणि गंभीर. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत असा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे कावीळ होऊन दगावली. असे धान्य खाल्ल्यावर कोणाचे डोळे पिवळे झाले, पोट फुगले, उलट्या थांबेनात, तर घरगुती औषध करत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

पेंड घेताना पोत्यात हात घालून पाहा. आत गरम लागली, गाठी आल्या, कुबट वास आला तर स्वस्त असली तरी घेऊ नका. पावसाळ्यात महिन्याभराचा साठा करू नका. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा आणि जुने आधी संपवा. खराब माल कोंबड्यांनाही घालू नका, खड्ड्यात पुरा. विष बांधून ठेवणारी पावडर खाद्यात मिसळता येते, पण ती पशुवैद्यकांना विचारूनच.

चुकून खराब पेंड घातली गेली असेल तर लगेच बदला. चांगले खाद्य सुरू केल्यावर साधारण ३-४ दिवसांत दुधातले विष जवळजवळ संपते. तेवढे दिवस लहान मुलांना दुसरीकडचे दूध द्या.